कानशीचा हेवा

"जाताना दाब, येताना उचल! कानस आहे ती, करवत नव्हे. परत ओढशील तर तिचे दात जातील, आणि मग मी तुझे पाडीन."

हा आवाज युसुफ उस्तादांचा. हर्णै बंदराजवळ होड्यांची लोखंडी कामं करणारी त्यांची शेड होती. त्या शेडमध्ये पहिल्यांदा मी कोणाच्या तरी हातात पडले, तेव्हा कानावर आलेला हा पहिला आवाज. ओरडा खात होता तो सतरा वर्षांचा मुनाफ, आणि त्याच्या मुठीत होते मी.

मित्रांनो, तुम्ही मला कुठे पाहिलं असेलच तर सुताराच्या नाहीतर लोहाराच्या पेटीत, सगळ्यात तळाशी. हातभर लांब, काळसर, अंगभर तिरक्या रेघा. मी कानस. लोखंड घासून त्याला सरळ करणारी, त्याची कड शहाणी करणारी. आता कतारमध्ये, दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात, एका पत्र्याच्या शेडमधल्या टेबलाच्या खणात असते. सोबत दोन मोडके ड्रिल, काटकोन तपासायचा एक गुण्या आणि एक चष्मा.

माझा जन्म आगीतला. पोलादाची पट्टी लाल करून माझी चण घडवली. मग छिन्नीनं एकेक रेघ मारून दात पाडले. पुन्हा तापवलं आणि भसकन पाण्यात बुडवलं. पोलादाला पाणी देतात म्हणतात ना, तेच. त्या एका घोटानं माझ्या अंगात कडकपणा आला. पण कडक झालं की ठिसूळही होतं, बरं का. दगडावर आपटलीत तर माझे दोन तुकडे होतील. माझा स्वभावही तसाच. वाकणं मला जमत नाही.

मुनाफ युसुफ उस्तादांकडे आठ वर्षं राहिला. कतारचा व्हिसा आला तेव्हा युसुफ उस्तादांनी मला फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. म्हणाले, "तिथे मशिनं असतील. तरी असू दे." असं मी समुद्र ओलांडला, विमानाच्या पोटात, दोन शर्टांच्या मध्ये.

सुरुवातीची वर्षं सोन्याची होती. दरवाजे, कठडे, जिने, टाक्यांचे सांगाडे. वेल्डिंगची आग बाकीचेही लावत, पण त्याआधी पट्टीची कड घासून दोन तुकडे एकमेकांना नीट भिडवायचे, ते काम मुनाफ मलाच सांगायचा. म्हणायचा, "फट राहिली की आग खाली गळते. आधी भेट, मग गाठ." लोक बघायला थांबत. मी तेव्हा मुठीत बसूनच फुशारायचे.

मग ग्राइंडर आला.

हिरव्या रंगाचा, चार इंची, वायर लावली की केकाटणारा. मला ज्याला अर्धा तास लागे ते तो चार श्वासांत करायचा, आणि वर ठिणग्यांची कारंजी उडवायचा. जो तो त्याच्यामागे. "ग्राइंडर दे रे, ग्राइंडर कुठंय, यल्ला, चल लवकर, ग्राइंडर!" माझं नाव कोणी घेईना. मी खणात गेले. स्टेडियमं बांधण्याची धामधूम चालली होती त्या वर्षांत तर मला फक्त दोनदा बाहेर काढलं. एकदा दार उघडं राहावं म्हणून खाली सारायला, आणि एकदा रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला. झाकण! मी, युसुफ उस्तादांची कानस!

माझं मन तेव्हा जळायचं. मी खणात पडल्या पडल्या त्या हिरव्याचं वाईट चिंतायचे. त्याची वायर तुटावी. त्याची चकती फुटावी. एकदा खरंच त्याची मोटर जळाली, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. दोन दिवसांनी नवा आला, आधीच्यापेक्षा मोठा.

अंगावर गंजाचा पहिला ठिपका तेव्हाच उमटला. इथली सप्टेंबरची हवा ओल्या फडक्यासारखी असते, समुद्राकडून येते आणि प्रत्येक उघड्या लोखंडाला चाटून जाते.

*हेव्याचा गं गंज बाई, आधी तीळभर दिसे,*
*पुसायाचा राहून जातो, मग पोलादात बसे.*

आता धनाजीचं सांगते.

धनाजी माण तालुक्यातला. घरची मेंढरं होती, पण कतारला येऊन तो स्कॅफोल्डिंगवर लागला. उंच इमारतींना पाइपांचे सापळे बांधायचे, त्यावर माकडासारखं चढायचं. नऊ वर्षं चढला. मग डावा गुडघा गेला. डॉक्टरनं सांगितलं, चढणं बंद. कंपनीनं म्हटलं, चढता येत नसेल तर इथे काय काम?

शेडचा सुपरवायझर राहिल रायगडचा, श्रीवर्धनकडचा. वयानं लहान, कागदांत हुशार, आगीचा माणूस नव्हे. त्यानं धनाजीला मुनाफपुढे आणून उभं केलं.

"मुनाफभाय, ह्याला शिकवा. महिनाअखेर टेस्ट ठेवतो. पास झाला तर शेडमध्ये वेल्डर म्हणून घेतो. नापास झाला तर ऑफिस गावचं तिकीट काढणार, माझ्या हातात काही नाही."

"एका महिन्यात? अरे, मला आठ वर्षं लागली."

"तुमच्याकडे उस्ताद होते. ह्याच्याकडे तुम्ही आहात."

असं गोड बोलल्यावर मुनाफ कसला नाही म्हणतोय! त्यानं धनाजीकडे खालीवर बघितलं. "हात दाखव."

धनाजीनं दोन्ही हात पुढे केले.

"आग पकडणार ह्या हातांनी?"

"आवं उस्ताद, ह्या हातांनी मारकुटा एडका धरलाय. आग काय, शिंगं तर न्हाईत तिला."

मुनाफ हसला. मग खण उघडला आणि मला बाहेर काढलं.

मित्रांनो, किती वर्षांनी उजेड बघितला! पण मुनाफनं मला स्वतःसाठी काढलं नव्हतं. त्यानं मला धनाजीच्या हातात दिलं.

"पहिला आठवडा आग नाही. हा लोखंडाचा ठोकळा. सहाही बाजू सरळ कर. गुण्या लावून उजेडाकडे धर. गुण्याखालून उजेड दिसला तर चुकलास."

मी धनाजीचा रागराग केला. शिकाऊ हात, घामट, आडदांड. मला कोण नवशिक्याला देतं? पहिल्या दिवशी त्यानं मला करवतीसारखं पुढेमागे ओढलं तेव्हा मी किंचाळले. माझी लाकडी मूठ सैल झाली होती, मुठीतलं माझं टोकदार शेपूट त्याच्या तळव्यात टोचलं, तर मला मनातून बरंच वाटलं. मुनाफ ओरडला, "मूठ घट्ट केल्याशिवाय कानस हातात घ्यायची नाही! उद्या आरपार जाईल."

धनाजीनं जखमेवर पट्टी बांधली. आणि शुक्रवारी एशियन टाउनच्या बाजारात गेला तो माझ्यासाठी दोन वस्तू घेऊन आला. एक नवी लाकडी मूठ, आणि पांढऱ्या खडूंचा एक खोका.

"खडू कशाला रे?" मुनाफनं विचारलं.

"तुमीच म्हनला हुता ना, दातांत खडू घासला की लोखंडाचा भुसा अडकत न्हाई म्हनून."

"म्हटलं होतं. पण आजवर कोणी आणला नव्हता."

त्या दिवशी धनाजीनं तारेच्या ब्रशनं माझे दात रेघेरेघेनं साफ केले. इतक्या वर्षांचा भुसा, रंग, गंज. मग खडू चोळला. मित्रांनो, मी लाजले हो. मुनाफनंही मला कधी इतकं निगुतीनं पुसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ठोकळ्यावर मी अशी चालले, अशी चालले! जाताना दाब, येताना उचल. धनाजी गुणगुणत होता, त्याच्या वाडवडिलांच्या सुरात, मेंढीची लोकर कातरताना म्हणायचं काहीतरी:

*कात्र चालं अंगावरनं, जीव खाली सुखी ऱ्हावा,*
*लोकर यावी हातामंदी, लाल ठिपका न दिसावा.*

पाचव्या दिवशी त्यानं ठोकळ्यावर गुण्या लावून उजेडाकडे धरला. कुठूनही उजेड आला नाही. मुनाफनं तो हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. "बरं आहे," एवढंच म्हणाला, पण चेहरा उजळला होता. मी तर धनाजीवर जीवच टाकला.

आणि आठवड्यानं त्यानं मला बाजूला ठेवून वेल्डिंगचा होल्डर उचलला.

तुम्हाला हसू येईल, पण मला जे वाटलं ते ग्राइंडरच्या वेळीही वाटलं नव्हतं. होल्डर म्हणजे काय? रबराच्या वायरीला लावलेला एक चिमटा! त्यात सळी धरायची, आणि सळी जळून संपली की तुकडा फेकून द्यायचा. त्याला ना दात, ना धार. पण त्याच्याकडे आग होती. आगीपुढे कोणाचं काय चालतं?

मी टेबलावरून बघत राहिले. मुनाफनं काळ्या काचेचा मुखवटा धनाजीच्या डोक्यावर चढवला, हातात कातडी मोजे, अंगात जाड शर्ट, वरची गुंडी लावलेली.

"काडेपेटीची काडी ओढतोस तशी सळी ओढ. पेटली की उचल. सळीच्या जाडीएवढंच अंतर ठेव. जास्त नाही, कमी नाही."

धनाजीनं ओढली, ती चटकन चिकटली. त्यानं हिसका दिला, पट्टी टेबलावरून उचलली गेली, सळी काही सुटेना.

"अरे, म्हशीला दावं बांधलंस काय? होल्डर सोड, सळी वाकव!"

"उस्ताद, ही तर सासुरवाडीच्या पावन्यागत चिकटली. उठंचना!"

शेडमध्ये सगळे खदखदून हसले. मीही हसले, पण वेगळ्या कारणानं. चिकटू दे, म्हटलं. कंटाळून माझ्याकडेच येईल.

पण तो कंटाळला नाही. मुनाफ म्हणाला, "डोळ्यांनी बघू नको नुसता, कान दे. भजी तळल्यासारखा आवाज आला की बरोबर चाललंय. फटफट वाजलं तर सळी लांब गेली. गुदमरल्यासारखं झालं तर बुडवलीस." धनाजीनं डोकं वाकवलं. कान दिला. आणि एकदम म्हणाला, "उस्ताद, कळलं!"

"काय कळलं?"

"ही कात्रच हाय की. मेंढीच्या कातडीला टेकती, पर रुतत न्हाई. मेंढी जागची हालली तरी हात तिच्यासंगं हालतो. तस्संच हाय हे."

मुखवटा खाली केला, गुणगुणत सळी ओढली, आणि ओळ संपेपर्यंत हात थरथरला नाही. वरची काळी खपली टिचकावून उडवली तर खाली माशाचे खवले एकावर एक बसावेत तसा सांधा. एकसारखा. चमकदार.

मुनाफनं पट्टी उलटी करून टेबलावर ठेवली.

हेवा ओळखायला हेवा करणाराच लागतो. माझ्याइतका तो कोणाला कळणार? त्या दिवसापासून मी मुनाफच्या हाताकडे बघू लागले. त्याचा उजवा अंगठा अलीकडे थोडा कापत असे. चहाचा कप धरताना दिसायचं, पण सळी धरताना अधिक. डोळ्यांनाही चाळिशीच्या पुढचा चष्मा लागला होता, खणात माझ्याशेजारी पडलेला. लावत नसे. कोणी पाहिलं तर?

एकदा चहाच्या सुट्टीत मुनाफच्या बायकोचा, रबियाभाभींचा व्हिडिओ कॉल आला, रत्नागिरीहून. मुनाफनं फोन टेबलावर टेकवला. मागे धनाजीची पट्टी पडली होती, नुकतीच वायरब्रशनं घासलेली.

"थांबा, थांबा," भाभी म्हणाल्या. "ते मागे काय आहे? जरा जवळ दाखवा. बघा, ओळखलं मी! हा तुमचाच हात. लग्नाच्या वेळी आमच्या दाराला जाळी केली होतीत ना, तिचा सांधा अगदी असाच होता. अजून तसाच चालतो हो हात तुमचा!"

मुनाफनं पट्टीकडे बघितलं. "हं," म्हणाला. "जेवलात का तुम्ही?"

एवढंच. धनाजी तिथेच बसला होता, खजूर खात. त्यानं ऐकलं आणि खाली बघून हसला, जणू भाभींचं ते बोलणं त्यालाच मिळालेलं बक्षीस. त्याच्या मनात काही आलं नाही. मुनाफच्या आलं.

त्यात राहिलनं तेल ओतलं. एका संध्याकाळी तो दोन पट्ट्या घेऊन आला. "मुनाफभाय, ह्यातली तुमची कुठली आणि शागिर्दाची कुठली? मला तर ओळखू येईना! पास झाला की अल थुमामातल्या व्हिलाच्या जिन्याचा कठडा त्यालाच देतो, इन्शाल्ला. तुम्ही आता आराम करा."

अल थुमामाचा कठडा! त्याची नक्षी मुनाफनं स्वतःच्या हातानं कागदावर काढली होती.

तेव्हापासून मुनाफचं शिकवणं आखडलं. धनाजीनं विचारलं तर "बघ तुझं तूच." दोनदा विचारलं तर "सगळं मीच सांगू?" धनाजीला वाटलं, उस्ताद परीक्षा घेतायत. तो आणखी आदरानं वागू लागला. सकाळी आला की मुनाफचं टेबल पुसायचा. मला पुसायचा. आणि मी त्याच्या हातात जाऊन पुन्हा खणात पडायचे, तो पुन्हा होल्डरकडे.

टेस्टच्या आदल्या दिवशी दुपारी त्यानं मला शेवटचं खरं काम दिलं. टेस्टच्या दोन जाड पट्ट्यांच्या कडा ग्राइंडरनं तिरक्या करून झाल्या होत्या. पण तळाशी दीड मिलिमीटरचा सरळ ओठ ठेवायचा असतो, तो कानशीशिवाय नीट होत नाही. त्यानं मला खडू लावला आणि हलक्या हातानं चालवलं. त्या ओठाचा मला अजूनही अभिमान आहे.

संध्याकाळी राहिलनं स्टोअरमधून टेस्टच्या सळ्यांचं पाकीट धनाजीला आणून दिलं. "उद्याच्या सळ्या. सांभाळून ठेव," म्हणाला आणि ऑफिसात निघून गेला.

आता ऐका, मित्रांनो. इतके दिवस धनाजी ज्या सळ्यांवर शिकत होता त्या साध्या. उघड्या ठेवल्या तरी चालतात. टेस्टच्या सळ्या वेगळ्या. त्यांच्यावरचं लेपण हवेतली ओल पितं. एक रात्र उघड्या राहिल्या तरी सांध्यात बारीक बारीक भोकं पडतात, वरून कधी दिसतात, कधी नाही. म्हणून त्या ठेवायला शेडच्या कोपऱ्यात एक गरम पेटी असते, तिच्यावर लाल दिवा. शेडमध्ये हे सगळ्यांना ठाऊक. स्कॅफोल्डिंगवरून आलेल्याला कुठून ठाऊक असणार?

धनाजीनं पाकीट फोडून एक सळी हातात धरून बघितली. मग विचारलं, "उस्ताद, ह्या कुठं ठेवू?"

मुनाफ मोजे काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

"ठेव कुठेतरी."

धनाजीनं इकडेतिकडे बघितलं. शेडचा पत्रा दिवसभर तापून अजून धगधगत होता. कोपऱ्यात त्याची पाण्याची कॅन होती, ओलं गोणपाट गुंडाळलेली, पाणी गार राहावं म्हणून. त्यानं पाकीट त्या कॅनला टेकवून गोणपाटाच्या आडोशाला ठेवलं, अगदी जपून.

"उन्हाळ्यात मेंढरांचं औषध आमी असंच ठिवायचो," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "उकाड्यानं बिघडाय नगं." आणि खाली वाकून मुनाफच्या पायाला हात लावून गेला. मुनाफ दचकून मागे सरला. "अरे, हे काय! आमच्यात नाय करत हे."

"आमच्यात करत्यात, उस्ताद."

तो गेला. मुनाफ एकटाच राहिला. त्यानं गोणपाटाकडे बघितलं. दोन पावलं गेला. पाकिटावर हात ठेवला. गरम पेटीचा लाल दिवा समोर जळत होता, चार पावलांवर. मी टेबलावरून सगळं बघत होते.

मग त्यानं हात मागे घेतला, दिवे बंद केले आणि कुलूप लावलं.

आणि मी? मला वाचा असती तरी मी ओरडले असते का? खोटं कशाला बोलू. मला बरं वाटलं. मी म्हटलं, उद्या आग ह्याला दगा देईल. मग हा होल्डर टाकून माझ्याकडे येईल, पुन्हा खडू लावील, पुन्हा गुणगुणेल. एवढाच माझा हिशेब. पुढचं मला सुचलंच नाही.

सकाळी टेस्ट झाली. पट्ट्या मी घासलेल्या ओठावर अशा नेमक्या भिडल्या की राहिल म्हणाला, "वा." दोन्ही टोकांना वेल्डिंगचे छोटे टाके घातले. धनाजीनं मुखवटा खाली केला. सळी ओढली.

भजी तळल्याचा आवाज नव्हता. मध्येच फुटत होतं, ओल्या लाकडासारखं. धनाजी थांबला, मुखवटा वर करून मुनाफकडे बघितलं. मुनाफ बाहेर रस्त्याकडे बघत होता. धनाजीनं पुन्हा सुरू केलं. हात चुकला नाही, मी शपथेवर सांगते.

सांध्यासकट एक पट्टी कापून दाबाच्या मशिनमध्ये वाकवली. चांगला सांधा कमानीसारखा वाकतो. हा मधोमध उकलला, आणि आत भोकं, पावाच्या गाभ्यासारखी.

राहिलनं ती पट्टी उचलून बघितली. मग म्हणाला, "मुनाफभाय, असं कसं झालं? कारण दुसरं काही असेल तर सांगा, मी ऑफिसकडे पुन्हा टेस्ट मागतो. हातच कच्चा असेल तर मग खलास."

मुनाफनं त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली.

"वेळ कमी पडला," मुनाफ म्हणाला. "हात कच्चा आहे."

रविवारचं तिकीट निघालं.

तेव्हा कुठे माझ्या ठिसूळ डोक्यात उजेड पडला. नापास झालेला माणूस माझ्याकडे येणार नव्हता. तो गावी जाणार होता. त्याचा गुडघा, घरची उरलीसुरली चार मेंढरं, इथली नऊ वर्षं, सगळं एका बॅगेत भरून. त्याच्या जाण्यानं ना मी वर येणार होते, ना मुनाफचा अंगठा कापायचा थांबणार होता.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले, म्हणून एवढं सांगते. कानस वापरून झाली की ब्रशनं पुसून ठेवा, दुसऱ्या लोखंडावर टाकू नका, तेल लावू नका. तिला मूठ असल्याशिवाय धरू नका. सळ्यांना कोरडी, गरम जागा द्या. आणि तुमच्याहून कोणाचा हात चांगला चालत असेल तर ते त्याच दिवशी बोलून टाका. राहून गेलं की ते कुठे जाऊन बसतं, ते मी आधीच सांगितलंय.

मुनाफही ते दोन दिवस नीट जेवला नाही. उकललेली पट्टी त्यानं टाकून दिली नव्हती. खणात माझ्याशेजारी ठेवली होती. दर थोड्या वेळानं खण उघडायचा, ती काढायचा, त्या भोकांवरून कापरा अंगठा फिरवायचा, परत ठेवायचा. मी तिला चिकटून पडले होते. तिच्या कडेवर माझे ओरखडे होते.

शनिवारी धनाजी शेडमध्ये आला. कामाचे कपडे नव्हते, इस्त्रीचा शर्ट होता. राहिल त्याच्या कागदांवर सह्या घेत होता. सह्या झाल्या तसा धनाजी मुनाफच्या टेबलाशी आला, खण उघडला, मला उचललं. शांतपणे ब्रशनं माझे दात पुसले, खडू लावला आणि दोन्ही हातांनी मला मुनाफपुढे धरलं.

"तुमची वस्तू, उस्ताद. पोचती केली."

मुनाफनं हात पुढे केला नाही.

"असू दे तुझ्याकडे."

"न्हाई उस्ताद, तुमच्या उस्तादांची हाय ती. मी गावात घेईन एकादी." धनाजी थोडा घुटमळला. "एक इचारू? रागावनार न्हाई न्हवं?"

"विचार."

"गावी जाऊन फाटकं, जाळ्या, कायतरी करीनच की मी. हात तर लागलाय. पर माझा हात नेमका कुठं चुकला, तेवढं सांगा. रातभर इचार करतोय, गावंना. तीच चूक पुन्हा नगं करायला."

मुनाफनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. अंगठा जोरात कापत होता, आणि ह्या वेळी त्यानं तो लपवला नाही.

"राहिल," त्यानं हाक मारली, "इकडे ये. तूपण ऐक."

राहिल कागद हातात घेऊन तसाच आला.

"हात नाय चुकला तुझा, धनाजी," मुनाफ म्हणाला. "सळ्या ओल्या होत्या. त्या गरम पेटीत ठेवायच्या असतात. तू मला विचारलंस, मी सांगितलं नाय. ओल्या गोणपाटाला टेकवलेल्या बघितल्या, हात लावून बघितला, तरी तशाच ठेवल्या. राहिल, हे माझ्या नावानं लिही ऑफिसला." मग तो धनाजीकडे वळला. "तुझा सांधा माझ्यापेक्षा चांगला पडायला लागला होता रे. मला ते बघवलं नाय."